टेसॉल, सेल्टा की बी.एड.: आधी कोणाला शिकवायचंय ते ठरव

तू विचारलंस की एम.ए. इंग्लिश आणि बी.एड. झालंय, बडोद्यात अलकापुरीत आयेल्ट्सच्या, म्हणजे बाहेर जाण्यासाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, क्लासमध्ये शिकवतेस, मुलगा सहावीत आहे, आणि बाहेर जाऊन इंग्रजी शिकवायचं तर एम.ए. टेसॉल (इतर भाषा बोलणाऱ्यांना इंग्रजी शिकवण्याचा विषय) करू का सेल्टा, अमेरिका का कॅनडा. काल वाचलं आणि रात्रभर तेच डोक्यात राहिलं म्हणून आज सविस्तर लिहिते. मी पण बडोद्याचीच, दांडिया बाजारातली, मराठी शाळेत शिकलेली, आता कॅनडात ओंटारियोत मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. व्हिसाची फी, बँकेत किती दाखवायचे वगैरे सगळं सरकारी साइटवर आहे, तिथेच वाच, एजंटचं ऐकू नकोस.

कुठली डिग्री हा प्रश्न नंतरचा गं, आधी कोणाला शिकवायचंय ते ठरव, कारण प्रत्येक वर्गाचं दार वेगळं आहे आणि एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही. सेल्टा हे इंग्रजी शिकवण्याचं सर्टिफिकेट केंब्रिजचं आहे, साधारण 120 तासांचं, त्यात 6 तास खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवावं लागतं, आणि खाजगी भाषाशाळांमध्ये ते जगभर चालतं. पण इथे ओंटारियोत स्थलांतरितांच्या सरकारी खर्चाच्या वर्गांवर, म्हणजे ज्याला लिंक म्हणतात तिथे, शिकवायचं तर टेसल ओंटारियो या इथल्या इंग्रजी शिक्षकांच्या संघटनेचं सर्टिफिकेशन मागतात आणि त्यासाठी लागणारा कोर्स प्रॅक्टिकम, म्हणजे वर्गातला शिकवण्याचा सराव, धरून 300 तासांच्या आसपास जातो, तेव्हा नुसतं सेल्टा तिथे कमी पडतं. सरकारी शाळेत मुलांना शिकवायचं असेल तर हे दोन्ही चालत नाही, तिथे ओंटारियो कॉलेज ऑफ टीचर्सचा परवाना लागतो आणि तो बी.एड.वर उभा असतो. तुझं बी.एड. 2015 नंतरचं आहे, म्हणजे दोन वर्षांचं, तर ते या परवान्याला चालतं का ते आधी तपासून घे. एजंट लोक बी.एड.कडे बघतच नाहीत कारण त्यात त्यांना नवीन ॲडमिशन मिळत नाही. माझ्याकडे बी.एड. नाही म्हणून मी मोठ्यांच्या वर्गावर आहे, आणि खरं सांगायचं तर मला तेच आवडतं.

अमेरिकेत एम.ए. टेसॉल चांगलं शिकवतात, पण तो विषय स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या यादीत, येत नाही म्हणून शिक्षणानंतर ओपीटीवर, म्हणजे तिथे काम करायच्या परवानगीवर, 12 महिनेच मिळतात, वरची 24 महिन्यांची मुदतवाढ नाही. आणि सरकारी शाळेसाठी त्या त्या राज्याचं लायसन्स वेगळं, सगळ्या एम.ए. कोर्समध्ये ते मिळत नाही. ॲडमिशन घेण्याआधी विभागाला ईमेल करून सरळ विचार की हा कोर्स लायसन्सचा आहे का. कॅनडाचं एक सांगते जे तुझ्यासारख्या संसारी बाईला सगळ्यात आधी कळायला हवं. 21 जानेवारी 2025 पासून शिकणाऱ्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठेही नोकरी करायची परवानगी, हवी असेल तर मास्टर्स किमान 16 महिन्यांचं लागतं, आणि शिक्षण विषयातले बरेच मास्टर्स बारा महिन्यांत आटपतात. एकटी मुलगी असेल तर लवकर आटपलेलं बरंच, पण नवरा मुलगा घेऊन येणारीला तो छोटा कोर्स महागात पडतो. कॉलेजचं सर्टिफिकेट घेणार असशील तर शिक्षणानंतरच्या तुझ्या स्वतःच्या वर्क परमिटसाठी विषयांची यादी आहे, मास्टर्सला ती यादी लागू नाही.

कागदपत्रांचं बोलायला लागले तर अजून अंगाचा तिळपापड होतो. माझ्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आपल्याकडे गुजरातेत असतं तसं. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. शाळेच्या दाखल्यावर माहेरच्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ए जास्त. इथे डिग्रीचं मूल्यांकन करणाऱ्यांच्या हिशेबाने या तीन वेगळ्या बायका झाल्या. त्यात ट्रान्सक्रिप्ट युनिव्हर्सिटीने स्वतः पाकिटात घालून, सील करून, फ्लॅपवर सही शिक्का मारून द्यायचं. बाबा गुडघ्याला पट्टा बांधून खिडकीवर जायचे, आतून उत्तर यायचं की काका, साहेब रिसेसमध्ये गेलेत, मग रिसेस संपली की साहेब मीटिंगमध्ये. शेवटी पाकीट मिळालं तर शिक्का फ्लॅपच्या शेजारी मारलेला, फ्लॅपवर नाही, आणि ते परत आलं. तू अजून तिथे आहेस तर स्वतः जा, पाच-सहा पाकिटं एकदमच करून घे, समोर उभं राहून शिक्का कुठे पडतोय ते बघ, आणि नावाचा सोगंदनामा, म्हणजे प्रतिज्ञापत्र, आत्ताच नोटरीकडून करून ठेव. बी.एड.चा सिलॅबस आणि पाठ किती घेतले त्याचं पत्र पण घे, इथे प्रॅक्टिसचे दिवस विचारतात.

आयेल्ट्स बहुतेक तुलाही द्यावी लागेल, दुसऱ्यांना रोज शिकवत असलीस तरी. स्कोअर दोनच वर्षं धरतात. याचा अपमान वाटून घेऊ नकोस असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं, मला वाटला आणि अजून वाटतो. या क्षेत्रात तुझं इंग्रजी कुठून आलं हे लोक विचारत राहणार. टेसॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2006 मध्ये लिहून दिलंय की मातृभाषा इंग्रजी नाही म्हणून शिक्षकाला डावलणं चुकीचं आहे, तरी जाहिरातींत 'नेटिव्ह स्पीकर' दिसतंच. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे, आपण त्यात नाही, आपल्यासाठी व्यापार करारातली वेगळी छोटी वाट आहे. आणि याच कोर्समध्ये तुला एन. एस. प्रभूंचा बंगलोर प्रोजेक्ट शिकवतील, 1979 ते 1984, दक्षिण भारतातल्या साध्या शाळांमधला, ज्यातून टास्क देऊन भाषा शिकवायची पद्धत जगभर गेली. माझ्या प्रोफेसरबाई तो शिकवत होत्या तेव्हा मी ताठ बसून ऐकत होते. तू येण्याआधीच ते वाचून ये, ॲडमिशनच्या अर्जाबरोबर 'मला हे का शिकायचंय' असं जे लिहून द्यावं लागतं, त्या तुझ्या स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये ते कामाला येईल.

एकटेपणाचं विचारलंयस. असतो, पहिल्या हिवाळ्यात जास्त, मग काम वाढतं.

मुलाच्या शाळेबद्दल मात्र नीट ऐक. माझी मुलगी बडोद्यात पहिल्यापासून इंग्लिश मीडियमला, वर्गात पहिल्या पाचात. इथे नववीत घालताना फॉर्मवर घरची भाषा मराठी लिहिली, खरं तेच लिहिलं. त्यावरून तिची परीक्षा घेतली, अनोळखी बाईंसमोर तळ्याकाठच्या सुट्टीची गोष्ट वाचून परत सांगायची. पोर मुळात अबोल, दोन वाक्यं बोलली आणि गप्प. तिला ईएसएलच्या, म्हणजे इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या मुलांच्या वर्गाच्या, चौथ्या लेव्हलला टाकलं. मी दिवसा ज्या गोष्टीची शिक्षिका, तिच्याच वर्गात माझी मुलगी, आणि मी मीटिंगमध्ये माझ्या डिग्रीसकट बसलेली असून समुपदेशक मला सावकाश, एकेक शब्द तोडून समजावत होत्या. नियमाप्रमाणे नुकसान नव्हतं, ईएसएलचे तीन क्रेडिटपर्यंत इंग्रजीत धरतात आणि बारावीचं इंग्रजी सगळ्यांना करावंच लागतं. पण त्या वर्षात ती मला म्हणाली की आई शाळेच्या गेटवर माझ्याशी मराठी बोलू नको. पुढे घरातही तिने उत्तरं इंग्रजीत द्यायला सुरुवात केली. आता युनिव्हर्सिटीत आहे, हुशार आहे, आजीशी फोनवर मान हलवते आणि मी मध्ये बसून दोन्हीकडचं सांगते. शाळेने वाईट हेतूने केलं नाही हे मला माझ्या शिक्षणामुळे कळतं, आणि तरी त्या खोलीचा राग गेलेला नाही. माझ्या वर्गात कोणी आई मुलाच्या प्लेसमेंटचं पत्र घेऊन येते तेव्हा मी धडा थांबवून ते आधी वाचते.

म्हणून तुझ्या मुलाच्या वह्या आण, इंग्रजी निबंधाच्या खास, त्याने स्वतः लिहिलेल्या, आणि शाळेकडून इंग्रजी माध्यमाचं पत्र घे. घरची भाषा मराठीच लिही. परीक्षेच्या निकालावर पुन्हा तपासा म्हणून लेखी विनंती करता येते, ती पहिल्याच आठवड्यात कर.

नवरा काय काम करतो आणि तुझ्याबरोबर येणार का नंतर, ते तू लिहिलं नाहीस. ते कळव, मग 16 महिन्यांच्या वरचे मास्टर्स कुठले बघायचे ते बोलू.