फी भरण्याआधी एक लगीनसराई
वाचकांचे प्रश्न : फोटोग्राफीचं शिक्षण

प्रश्न : बारावी झाली आहे. गाव दारव्हा तालुक्यात, घरी पाच एकर कोरडवाहू. फोटोग्राफीच करायची हे पक्कं आहे. सोयाबीन विकल्यावर दीड लाखापर्यंत देऊ, असं बाबा म्हणतात. शहरातल्या एका खाजगी संस्थेचा सहा महिन्यांचा कोर्स १ लाख २० हजारांचा आहे. सर म्हणतात, नागपूरला पदवी कर. तालुक्याचा स्टुडिओवाला म्हणतो, माझ्याकडे ये, फुकट शिकशील. कोणतं निवडू?

उत्तर : आधी काम ठरवा, कारण या तीन वाटा तीन वेगळ्या कामांकडे जातात.

जाहिरात, वस्तूंचे फोटो, एजन्सीतली नोकरी हवी असेल तर सरांचं बरोबर आहे. नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात उपयोजित कलेची (जाहिरात, छपाई अशा कामांसाठीच्या चित्रकलेची) चार वर्षांची पदवी मिळते. तिच्या सीईटीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान असतं, म्हणजे पेन्सिलीवर हात चालायला हवा. मात्र इथे फोटोग्राफी अनेक विषयांपैकी एक असते. पदवीच फोटोग्राफीची हवी असेल तर हैदराबादचं जवाहरलाल नेहरू वास्तुकला व ललित कला विद्यापीठ पाहा. गांधीनगरच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतला (एनआयडी) फोटोग्राफी डिझाइनचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे.

घराजवळ राहून लग्न, बारसं, शाळेचे कार्यक्रम करायचे असतील, तर तुमची शाळा स्टुडिओवाल्याकडेच आहे. तुळशीच्या लग्नापासून पुढच्या आषाढापर्यंत एक पूर्ण लगीनसराई त्याच्याबरोबर काढा. त्या आधी कोणत्याही संस्थेला एक रुपया देऊ नका. कोर्समध्ये मॉडेल शांत बसते आणि लाइट आधीच लावलेले असतात. मंगलाष्टकं संपताना अक्षता पडायला लागल्या की दोनशे माणसं पुढे घुसतात, आणि तेव्हा कुठे उभं राहायचं हे वर्गात शिकवता येत नाही.

'फुकट शिकशील' यावर मात्र थांबू नका. अशी कित्येक पोरं तीन-तीन वर्षं वायर आणि लाइट धरूनच राहतात. सुरुवातीलाच बोलून घ्या : दिवसाची मजुरी थोडी का होईना, पण मिळावी. दोन महिन्यांनी लग्नातला दुसरा, म्हणजे सहायकाचा कॅमेरा हातात यावा. आणि प्रत्येक लग्नानंतर मालकाबरोबर संगणकासमोर बसून आपले वाया गेलेले फोटो बघायला मिळावेत. यातली शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. ती मान्य नसेल तर दुसरा स्टुडिओ शोधा.

आता घरी करायचा अभ्यास. आपल्याकडची निम्मी लग्नं भर दुपारी, बिछायतवाल्याच्या लाल-पिवळ्या कापडाखाली लागतात. ऊन त्या कापडातून येतं आणि सगळे चेहरे नारिंगी होतात. पांढरं ते पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यात जो 'व्हाइट बॅलन्स' असतो, तो ऑटोवर ठेवला तर दर फोटोत रंग बदलतो. लाल कापडाखाली फोटोतला लाल रंगाचा थर (लाल चॅनल) सगळ्यात आधी प्रमाणाबाहेर उजळून फुटतो आणि गालावरचा तपशील जातो, तो नंतर संगणकावर परत येत नाही. म्हणून रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, ग्रे कार्ड म्हणजे करडा पुठ्ठा नवरीच्या चेहऱ्याजवळ धरून त्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या, हिस्टोग्राममध्ये (उजेडाच्या आलेखात) लाल रंग वेगळा बघा आणि गरजेप्रमाणे एक्स्पोजर, म्हणजे आत येणारा उजेड, पाऊण-एक स्टॉप खाली आणा (एक स्टॉप खाली म्हणजे निम्मा उजेड). फ्लॅश छताकडे मारण्याची सवय इथे नडते, कारण कापडावरून परतणारा उजेडही लालच असतो. फ्लॅशला फोटोग्राफीची छत्री लावून बाजूने उजेड द्या. एक गाल कापडाखाली आणि दुसरा उन्हात असेल तर कोणताही व्हाइट बॅलन्स उपयोगाचा नाही, जोडप्याला दोन पावलं आत घ्यावंच लागतं.

हे शिकायला लग्नाची वाट बघू नका. बिछायतवाल्याकडून दोन-तीन रंगांचे जुने तुकडे आणा, अंगणात दोरीवर ताणा, दुपारी बारा वाजता घरच्या कोणाला तरी खाली बसवा आणि प्रत्येक रंगाखाली रंग बरोबर येईपर्यंत काढत राहा.

रात्रीची अडचण वेगळी. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/२५० सेकंदावर ठेवलं की काही फोटो काळपट येतात, काहींवर आडवे पट्टे दिसतात. तिथे १/१०० किंवा १/५० ठेवा, व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा असेल तर १/५० वर. वरातीतला नाच १/१०० ला हलतो, तो फ्लॅशने थांबवायचा. स्टेजवरचे रंगीत झोताचे दिवे (पार लाइट) कधी याही हिशेबात बसत नाहीत. म्हणून पाहुणे यायच्या आधी पाच-सहा फोटो काढून, स्क्रीनवर मोठे करून तपासा.

पावसाळ्यात अल्बम डिझाइन शिका. लग्नं नसतात त्या महिन्यांत या कामातून हातात पैसा येतो. १२ × ३६ इंचाचं पान ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) ३६०० × १०८०० पिक्सेल होतं, आणि घडी १८ इंचांवर येते. त्या घडीवर नवरदेवाचा चेहरा आला की अल्बम परत येतो.

दीड लाखातून जुनी बॉडी, ५० मिमीची १.८ लेन्स, एक फ्लॅश, रेडिओ ट्रिगर (कॅमेऱ्यापासून दूरचा फ्लॅश उडवायला), स्टँड, छत्री, दोन बॅटऱ्या आणि दोन कार्डं घ्या. जुनी बॉडी घेताना शटर किती वेळा पडलं ते विचारा, आणि लेन्सचं छिद्र बारीक करून, एफ १६ वर, मोकळ्या आभाळाचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतात. उरलेले पैसे तसेच ठेवा. सराई संपल्यावर आपण कुठे कमी पडतो ते कळलेलं असेल, बहुतेकांचं लाइटिंगमध्ये अडतं. तेवढ्यापुरता छोटा कोर्स तेव्हा करा. संस्थेत गेल्यावर भिंतीवरचे निवडक फोटो बघू नका. मागच्या बॅचच्या एखाद्या मुलाने एकट्याने केलेलं अख्खं लग्न दाखवा म्हणा. एका कॅमेऱ्यामागे किती मुलं असतात, मध्येच सोडलं तर फी परत मिळते का, हे लेखी घ्या.

प्रश्न : आमची मुलगी ब्रह्मपुरीत एका स्टुडिओत शिकते. तिने लग्नात काढलेले फोटो स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकले तर मालक चिडले. फोटो तिने काढले, मग हक्क तिचा नाही का?

उत्तर : सहसा नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे लग्नघरच्यांचा. नोकरीत किंवा शिकाऊ म्हणून केलेल्या कामातही हक्क काम करणाऱ्याकडे राहत नाही. आणि हक्क लग्नघराचा असल्याने मालकालाही त्यांना न विचारता ते फोटो जाहिरातीला वापरता येत नाहीत. यावर सोपा उपाय आहे. बयाणा घेतानाच कागदावर एक ओळ घाला, 'निवडक फोटो स्टुडिओ व सहायक आपल्या कामाचा नमुना म्हणून दाखवू शकतील', आणि सही घ्या. तोवर मुलीला बाजारातली माणसं, नातलग, पोळ्याचे बैल असे स्वतःचे फोटो काढून नमुन्यांचा संच बनवू द्या. मुलगी हुशार दिसते, तिला रागावू नका.

प्रश्न : ड्रोन घेतला तर धंदा वाढेल का?

उत्तर : पहिल्या वर्षी घेऊ नका, ड्रोनवाल्याला दिवसाच्या भाड्यावर बोलवा. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर डीजीसीए या केंद्राच्या विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेल्या संस्थेतून रिमोट पायलट (ड्रोनचालक) प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी वय किमान १८ आणि दहावी पास हवी. ड्रोनची नोंदणी करून ओळख क्रमांकही घ्यावा लागतो. भाड्याने आलेल्याकडेही हे दोन्ही कागद आहेत का ते बघा, आणि लग्नाची जागा हिरव्या क्षेत्रात, म्हणजे ड्रोन उडवायला वेगळी परवानगी लागत नाही अशा भागात, येते का ते डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आदल्या दिवशीच तपासा.