महिनाभराच्या वाचन आव्हानात तुम्ही कोणत्या कादंबऱ्या वाचल्या? अशा ठरवून केलेल्या वाचनातून खरंच काही हाती लागतं का?

लागतं, पण पुस्तकं निवडताना काहीतरी सूत्र हवं. नुसता आकडा गाठायचा म्हणून हाताला येईल ते वाचलं, तर महिनाअखेरीस सगळ्या कथानकांचा काला होतो. या खेपेला मी एकच गोष्ट धरून चाललो: कादंबरी सांगतंय कोण? बहुतेक पुस्तकं मुद्दाम लहान घेतली, म्हणजे एक मनात ताजी असतानाच दुसरी सुरू करता येते.

पहिली व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५). औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर शाळा चालवायला येतो आणि तोच सगळं सांगतो. तो परका आहे, म्हणून आधी पाहतो आणि मत नंतर बनवतो. औताला एक बैल कमी पडतो तेव्हा एका धनगराची बायको बैलाशेजारी स्वतः जू खांद्यावर घेते. एखाद्या लेखकानं यावर पानभर हळहळ केली असती. माडगूळकर चार साध्या वाक्यांवर भागवतात. शेवटी दुष्काळात वाडी उठते, तेव्हा ती कशी होती हे सांगायला तो बाहेरून आलेला मास्तरच उरतो.

त्यानंतर ‘धग’ आणि ‘पाचोळा’ लागोपाठ वाचल्या. या आव्हानातलं सगळ्यात मोठं समाधान मला या जोडीनं दिलं.

उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) गोष्ट सांगणारं कुणी पात्र नाही. निवेदन प्रमाण मराठीत आणि माणसांचं बोलणं वऱ्हाडीत. कौतिक घर सावरायला धडपडते, नवरा महादेव हातपाय हलवत नाही, वर त्याला महारोग होतो. कौतिक बोलते तेव्हा ती अगदी समोर येऊन बसते, निवेदन सुरू झालं की पुन्हा थोडी लांब जाते. रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’त (१९७१) हे अंतरच नाही. गंगाराम शिंप्याची बायको पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठवाडी बोलीत स्वतःच बोलते. (बोली अंगवळणी नसेल तर सुरुवातीची पानं मोठ्यानं वाचा, कान लवकर तयार होतो.)

दोन्हीकडे संसार बाईच्या जिवावर चाललाय. तरी कौतिकबद्दल मला कणव वाटली, आणि गंगारामच्या बायकोची मात्र मी बाजूच घेतली. तिचा राग तो माझा राग. गंगारामचा हट्ट घर बुडवणार हे तिला दिसतंय आणि ती थांबवू शकत नाही, हे वाचताना माझाच जीव वरखाली होत होता. पुस्तक मिटल्यावर वाटलं, गंगारामची बाजू आपण ऐकलीच कुठं? हाच माणूस ‘धग’च्या पद्धतीनं लिहिला असता तर कदाचित त्याचा मान, त्याची भीती जास्त दिसली असती. दोन पुस्तकांमध्ये वर्षभराचं अंतर असतं तर हा विचार मला सुचलाही नसता.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’बद्दल (१९६३) इतकं लिहिलं गेलंय की मी एकच सांगतो. पांडुरंग सांगवीकर सतत बोलतो, आणि त्या बोलण्याआड बराचसा लपतो. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते तिथं त्याला लपायला जागा राहत नाही. तो भाग संपल्यावर पुढं वाचायची घाई करू नका, आव्हान अर्धवट राहिलं तरी चालेल.

शेवटची विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९). युरोपातून मुंबईकडं निघालेलं जहाज, त्यावर जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू, आणि चक्रधर व हर्टा यांचं प्रेम. चक्रधर मला आवडला नाही. तो फार हिशेबी वाटला, पण स्वतःचा हा कोतेपणा तो झाकत नाही, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो. कादंबरी महायुद्धाच्या तोंडावरची आहे. युरोपातल्या ज्यूंवर पुढं काय ओढवणार होतं ते आज आपल्याला ठाऊक आहे, सांगणाऱ्याला नाही. हर्टा पुढच्या आयुष्याबद्दल बोलते तेव्हा तिला हाक मारून थांबवावंसं वाटतं.

तुम्ही सुरू करणार असाल तर ‘धग’ आणि ‘पाचोळा’ एकापाठोपाठ घ्या, याच क्रमानं. बाकीचा महिना मोकळा ठेवलात तरी हरकत नाही. मी पुढच्या महिन्यासाठी श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’चे दोन्ही खंड काढून ठेवलेत. तेवढंच वाचणार आहे.