इंडोनेशियातल्या भातशेतीच्या गावात राहायला जावं का? जमीन, घर घेता येतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: नोकरी घरून करता येते, म्हणून वर्षभर इंडोनेशियातल्या एखाद्या शेतीच्या गावात राहावं, आसपास फिरावं आणि पटलं तर थोडी जमीन घेऊन घर बांधावं. राहायला जरूर जा, फिरा तर नक्कीच. जमिनीचं मात्र डोक्यातून काढून टाका.

मी मूळचा इचलकरंजीचा. सुताच्या धंद्यामुळे पश्चिम जावातल्या पुरवाकार्ता इथे काही वर्षं आहे. या पट्ट्यात भारतीय मालकांचे कापड-धाग्याचे कारखाने आहेत, त्यामुळे आपली माणसं इथे अगदी नवलाईची नाहीत. कारखान्यातल्या लोकांच्या गावी लग्नकार्याला, कापणीला जाणं होतं, त्यावरून लिहितोय. बालीबद्दल मला विचारू नका, तिथल्या जमिनीचा बाजारच निराळा.

आधी कायदा, थोडक्यात. 1960 च्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी, म्हणजे ‘हाक मिलिक’, फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते. परदेशी माणसाकडे मुक्कामाचा परवाना असेल तर राहत्या घरासाठी वापराचा हक्क मिळू शकतो: आधी 30 वर्षं, मग 20 वाढवून, मग नूतनीकरणाची 30. शेतजमीन यात बसत नाही. मग कोणीतरी हळूच सुचवतो की गावातल्या माणसाच्या नावावर घ्या, आपसात कागद करून ठेवू. याच कायद्याचं 26 वं कलम वाचा. परदेशी माणसाकडे आडवाटेने मालकी जाईल असा व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसे परत मागायची सोय नाही. ज्याच्या नावावर घेतली तो उद्या उलटला तर कोर्टात जायलाही तोंड उरत नाही. शेतजमिनीच्या मालकाने जमीन आहे त्याच भागात राहिलं पाहिजे, असा 1961 पासूनचा नियम खुद्द इंडोनेशियन लोकांनाही लागू आहे. जाकार्तावाले तो सर्रास धाब्यावर बसवतात, पण त्यांना सांभाळून घ्यायला गावात मामा-काका असतात.

कायदा बाजूला ठेवला तरी खरी मेख पुढेच आहे. इथल्या भाताच्या तुकड्यावर एकाच माणसाचा हक्क असतो असं समजू नका. एखादं खाचर पाहा. मालकीणबाई म्हातारी, कागद तिच्या सासऱ्याच्या नावाचा, आणि तोही ‘गिरिक’, म्हणजे कर भरल्याचा जुना दाखला. (7/12 वर आजोबांचंच नाव असलेल्यांना हे समजावून सांगायला नको.) नातवाच्या शिक्षणासाठी तिने खाचर गहाण टाकलेलं. हा गहाणव्यवहार, म्हणजे ‘गादाई’, सोन्याच्या वजनावरही ठरतो. सोनं परत मिळेपर्यंत पीक गहाण घेणाऱ्याचं. तो स्वतः कसत नाही, अर्धेलीने दुसऱ्याला देतो. लावणी करणाऱ्या बायकांनी पैसे न घेता लावणी केलेली असते, कारण कापणी त्याच करणार आणि पाच-सहा वाट्यांतला एक वाटा त्या घेणार. कधीकधी उभं पीक व्यापाऱ्याने आधीच उक्तं घेतलेलं असतं. आता कोणी म्हणालं की ‘विकाऊ आहे’, तर ते यातल्या नेमक्या कोणी म्हटलं हे आधी शोधा. आणि हे सगळं केवढ्याशा जागेत! इथे जमीन ‘तुंबाक’मध्ये मोजतात, एक तुंबाक म्हणजे सुमारे 14 चौरस मीटर, सात तुंबाकांचा आपला एक गुंठा. जावातल्या बहुतेक शेतकऱ्यांकडे अर्धा हेक्टरसुद्धा नाही. सरकारने 2025 मध्ये भाताचा खरेदीभाव किलोला 6,500 रुपिया (इथलं चलन) केला, पण इतके वाटेकरी झाल्यावर हातात काय राहणार? त्यामुळे पोरं शेजारच्या कारावांग जिल्ह्यातल्या कारखान्यांकडे धावतात. तिथलं किमान वेतनच महिन्याला 50 लाख रुपियांच्या वर, म्हणजे आपले पंचवीस हजारांच्या वर. गावात नांगरायला उरतात ते पन्नाशीच्या पुढचे.

म्हणून घर भाड्याने घ्या. भाडं बहुधा वर्षाचं एकदम, आगाऊ द्यावं लागतं. घर बघताना टाइल्सच्या चकचकाटापेक्षा खांब आणि वरचा पट्टा काँक्रीटचा आहे का ते बघा. शेजारच्या चियांजुरमध्ये नोव्हेंबर 2022 ला 5.6 चा भूकंप झाला. आकडा फार मोठा नाही, तरी शेकडो माणसं गेली. घरंच अंगावर कोसळली.

रोजच्या जगण्याची फार काळजी नको. वीज आणि मोबाइलचं नेट बऱ्यापैकी असतं, पिण्याच्या पाण्याची मोठी बाटली दुकानातून आणायची. नव्या माणसाला अवघड जातं ते एकटं राहू न देणं. गल्लीच्या तोंडाशी पाटी असते की पाहुण्याने 24 तासांच्या आत कळवावं. गल्लीचा प्रमुख, त्याला ‘पाक एर्टे’ म्हणतात, त्याच्याकडे पहिल्याच दिवशी पासपोर्टची प्रत घेऊन जा. रविवारी गटार साफ करायला हाक आली तर फावडं घेऊन उतरा, निदान चहा-बिस्किटं तरी पाठवा. लग्नाच्या मांडवातला लाउडस्पीकर आणि पहाटेची अजान यांची तक्रार करायची नसते. आणि आहेर! शेजारच्या सुबांगकडच्या गावांत आहेराचे तांदूळ आणि पैसे वहीत लिहून घेतात, तुमच्या घरी कार्य निघालं की तेवढेच परत येतात. आपल्याकडच्या आहेराच्या वहीपेक्षा हा हिशेब कितीतरी कडक. वर्षभरात निघून जाणाऱ्याने पाकिटात नोट घालून मोकळं व्हावं.

शाकाहारी असाल तर तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), टोफू, कच्च्या भाज्यांवर शेंगदाण्याची चटणी घातलेलं कारेदोक, असं पुष्कळ मिळतं. पण सांबालमध्ये, म्हणजे इथल्या मिरचीच्या चटणीत, ‘तेरासी’ आहे का ते विचाराच, ती आंबवलेली कोळंबी असते. खानावळवाल्याने ‘शाकाहारी’ म्हटलं तरी विचारा. त्याच्या हिशेबी कोळंबी म्हणजे मसाला.

फिरणं. पुरवाकार्ता जाकार्ता-बांडुंग रेल्वेवर आहे. जवळच जातिलुहूरचं धरण आहे. कारावांग-सुबांगच्या सपाट प्रदेशात वर्षाला दोन पिकं निघतात ती त्याच्या कालव्यांवर. ते पाहून डोंगराकडे वानायासाला चढलात तर चहा, लवंग आणि हंगामात मँगोस्टीन. वेळ असेल तर तासिकमलायाजवळचं काम्पुंग नागा हे जुन्या रीतीचं गाव बघा: चारशेवर पायऱ्या उतरून नदीकाठी पाम झाडाच्या काळ्या तंतूंनी शाकारलेली घरं, आणि वीज त्यांनी स्वतःहून नाकारलेली. हालिमून डोंगरातल्या चिप्तागेलार या गावाला जायचा रस्ता हाडं खिळखिळी करतो, पण तिथे वर्षाला एकच पीक घेतात, तांदूळ विकायचा नाही असा दंडक आहे आणि ओळीने उभी असलेली लाकडी धान्यकोठारं भरलेली असतात. माझ्या मते बोरोबुदुरच्या प्रसिद्ध बौद्ध स्तूपापाशी असते त्या गर्दीपेक्षा हे केव्हाही चांगलं.

मुंबईहून जाकार्ताला 2023 पासून थेट विमान आहे. भारतीयांना विमानतळावर 5 लाख रुपियांत 30 दिवसांचा व्हिसा मिळतो, तो आणखी 30 दिवस वाढवता येतो. पण त्यावर वर्षभर काम करत बसता येणार नाही. परदेशी कंपनीचं काम घरून करणाऱ्यांसाठी वर्षाचा वेगळा व्हिसा आहे आणि त्याला वार्षिक 60 हजार डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं. ते जमत नसेल तर दोन महिन्यांचाच बेत करा, मे ते सप्टेंबरमध्ये, पाऊस कमी असताना. तारखा ठरवताना रमजान ईद कधी आहे ते बघून घ्या. त्या आठवड्यात सगळं जाकार्ता गावाकडे निघतं आणि रेल्वेची तिकिटं कधीच संपलेली असतात.