शनिवारचा चुना

भुसावळ

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझा फोन आला तेव्हा माझे हात कुरडयांच्या चिकात होते, धड बोलणं झालं नाही. म्हणून लिहायला बसले. ईस्टरला मुलांसाठी काय काय आणू, असं तू विचारलंस. आणायचं फारसं काही नाही गं. मुलांना स्वतःच्या हाताने करता येईल असं काहीतरी दे, आणि दर वर्षी तेच दे. त्यांना सवयीचं झालं की पुढच्या वर्षी तीच तुला आठवण करून देतात.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, चर्चमधून आलात की रात्री मूठभर गहू भिजत घाल. सकाळी धाकटीच्या हाताने ते मातीच्या परळात पेरून घे. शेजारी नवरात्रात घट बसतो, त्यामुळे पेरणं तिच्या ओळखीचं असेल. आपल्या उन्हात माती लगेच सुकते, म्हणून परळ माठाशेजारी गारव्याला ठेव. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला तरच पुष्कळ पीक देतो, हे प्रभूचं बोलणं (योहान 12:24) रोज पाणी घालताना एकदा म्हणायचं. अर्थ सांगत बसू नकोस. रविवारपर्यंत बोटभर हिरवं वर येतं.

गुरुवारी, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तसे, मुलांचे पाय त्यांच्या बाबांनी धुवायचे. परात, तांब्या, पंचा घेऊन, खाली बसून. परातीतलं पाणी मातकट होतं, ते मुलांना बघू दे. मग रात्री गच्चीवर अंथरुणं घातली की गेथशेमाने बागेची गोष्ट सांग. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, म्हणून तो 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्यामध्ये कधीही येतो. 2024 साली ती होळीची पौर्णिमा होती, 2026 साली हनुमान जयंतीची. त्यामुळे या गुरुवारी चंद्र चांगला मोठा असतो, एखाद्या वर्षी उशिरा उगवतो इतकंच. प्रभू ज्या वेळी धरला गेला तो यहुद्यांचा वल्हांडणही पौर्णिमेचाच सण, म्हणजे प्रभूने बागेत प्रार्थना केली तेव्हाही असंच चांदणं असणार. तासभर जागून प्रार्थना करू या, असं म्हण. मुलं झोपून जातील. शिष्यही झोपले होते, तेव्हा रागावू नकोस.

उत्तम शुक्रवारी बारा ते तीन, प्रभूने क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांची उपासना असते. लहानांना तीन तास बसवू नकोस, दोन उद्गार ऐकले तरी पुष्कळ. पण प्रभू मेला, हा शब्द त्यांच्यापासून लपवू नकोस. हे मी चूक करून शिकले आहे.

माझे सासरे थंडीत वारले, तेव्हा माझी मुलगी सहा वर्षांची होती. त्या ईस्टरला पहाटे सगळे कबरस्तानात निघाले आणि ती घाबरेल म्हणून मी तिला घरीच निजवून ठेवलं. उजाडल्यावर उठली आणि तिने पहिलं विचारलं, ‘आजोबांची मेणबत्ती कुणी लावली?’ मी म्हटलं, काकांनी. ती काहीच बोलली नाही. दिवसभर नवा फ्रॉकही घातला नाही. ज्या आजोबांनी तिचे पाय धुतले, त्यांच्याजवळ उभं राहून ‘प्रभू उठला आहे’ म्हणण्याचा तिचा हक्क मी काढून घेतला होता.

पुढच्या वर्षापासून शनिवार मुलांचा झाला. शुभवर्तमानात त्या दिवसाबद्दल फारसं काही नाही, घरातही काही कार्यक्रम नसतो. ऊन उतरलं की आम्ही कबरस्तानात जातो. गवत उपटायचं, पालापाचोळा काढायचा, मग कबरीला चुना लावायचा. कळीचा चुना मी आदल्या रात्रीच भिजवते, कारण भिजताना तो उकळतो. पूर्ण निवल्यावर चिमूटभर नीळ घालून मुलांच्या हाती कुंचला देते आणि डोळ्यांना हात लावू देत नाही. त्या वर्षी मुलीने आजोबांच्या नावाच्या अक्षरांत गेलेला चुना काडीने एकेक अक्षर करून कोरून काढला. अंधार पडला तरी तिचं चाललेलं. मध्येच म्हणाली, ‘आई, हे पण उठतील ना?’ मी म्हटलं, हो. आजवर कुठल्याही प्रश्नाला इतक्या खात्रीने मी हो म्हटलेलं नाही.

रविवारी पहाटे अंधारातच मुलांना उठव. ‘उठा, उशीर झाला’ म्हणू नकोस. बागेत मरीयेला प्रभू माळी वाटला, त्याने नाव घेऊन हाक मारली तेव्हा तिने ओळखलं. तसं एकेकाचं नाव घे आणि म्हण, ‘प्रभू उठला आहे!’ त्यांनी म्हणायचं, ‘खरोखर उठला आहे!’ मग मोगरा, मेणबत्त्या आणि गव्हाचा परळ घेऊन निघा.

अंडी हवीच असतील तर घरीच रंगवा. आठ-दहा कांद्यांची सुकी सालं पाण्यात उकळ, त्यातच पांढरी अंडी शिजव, तांबूस रंग चढतो. जुन्या काळी ईस्टरआधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत अंडी वर्ज्य असत, म्हणून ईस्टरला त्यांचं कौतुक. कबरस्तानातून आल्यावर न्याहारीला तीच फोडायची.

यंदा शनिवारी तू सकाळच्या गाडीने ये. चुना जास्तीचा भिजवते. धाकटीच्या मुठीत मावेल असा कुंचला धुऊन खुंटीला लावून ठेवला आहे.

तुझ्या संडे स्कूलच्या बाई