तलावाभोवतीचा कोबा पुन्हा पुन्हा का तडकतो?

प्रश्न : गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीचा पोहण्याचा तलाव वीस वर्षांचा आहे. भोवतीच्या काँक्रीटच्या कोब्याला तडे गेलेत. गवंड्याने दोनदा सिमेंट भरलं, पावसाळ्यानंतर ते पुन्हा उकललं. एका जागी कोबा अर्धा इंच खचलाय, पोरांना ठेच लागते. सगळा फोडावा का?
– सचिव, नाशिक

उत्तर : सगळा फोडायची गरज दिसत नाही, पण तिसऱ्यांदा सिमेंट मात्र भरू नका. तुमच्याकडची काळी माती चैत्र-वैशाखात आकसते, आषाढात फुगते; तिच्याबरोबर तडा उघडतो, मिटतो. हलणाऱ्या तड्यात ताठ सिमेंट टिकणार कसं?

आधी गळती तपासा. पायरीवर बादली ठेवून आत-बाहेर पाण्याची पातळी सारखी करा, दोन्हीकडे खूण करा. चोवीस तासांनी बादलीपेक्षा तलावाचं पाणी जास्त उतरलं असेल, तर गळती आहे. ती बंद केल्याशिवाय कोब्याला हात लावू नका, कारण खालचा भराव तेच पाणी वाहून नेतं. तपासणीसाठी पावसाळ्यात तलाव रिकामा करू नका. भोवतालच्या पाण्याच्या दाबाने तळ उचलला जाऊ शकतो.

खचलेला भाग कटरने चौकोनी कापून काढा. त्याआधी पाण्यातल्या दिव्यांची वायर आणि अर्थिंग कुठून गेलंय ते इलेक्ट्रिशियनकडून खुणावून घ्या, इथे हयगय नको. एक फूट काळी माती काढून मुरूम भरा. एकदम नाही, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येकावर पाणी मारून मशीनने ठोकून. वर चार इंच एम-२५ (हा मजबुतीचा दर्जा) काँक्रीट, त्यात ८ मिमीची जाळी २०० मिमी अंतराने. उतार तलावापासून बाहेर, मीटरला २० मिमी. वरून खराटा ओढून खरखरीत करा. चोवीस तासांच्या आत दर अडीच मीटरला इंचभर खोल काप मारा, म्हणजे तडा गेलाच तर त्या रेषेत जाईल. सात दिवस ओलं गोणपाट.

तलावाच्या काठाची फरशी आणि कोबा यांमधली फट कधीच सिमेंटने बुजवू नका. बहुतेक तलावांत हीच चूक असते. कोबा उन्हात ताणला की काठालाच ढकलतो आणि टाइल सुटतात. तिथे १२ मिमी फट राहू द्या, ती लवचिक सीलंटने भरायची.

ती फट आणि इतर तडे एकाच रीतीने भरा. तडा ग्राइंडरने १२ मिमी रुंद, २० मिमी खोल करा. धूळ ब्लोअरने उडवा. बोट फिरवून पाहा, पांढरं लागलं तर अजून साफ नाही. १५ मिमीचा बॅकर रॉड, म्हणजे फोमची गोल दोरी, दाबून बसवा, वर ६ मिमी जागा सोडा. सीलंट तळाला चिकटलं तर ताणताना फाटतं. दोन्ही बाजूंनाच चिकटायला हवं, म्हणून हा रॉड. दोन्ही कडांना टेप लावून क्लोरीनच्या पाण्याला चालणारं पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. ६०० मिलीच्या पाकिटात साधारण आठ मीटर होतं. आठवडाभर पाणी लागू देऊ नका. काम दिवाळीनंतर करा, पण थंडीत सकाळचं दव पूर्ण सुकल्यावरच हात घाला.

केसासारख्या बारीक भेगेवर काचेची पट्टी एपॉक्सीने चिकटवा. पुढच्या पावसाळ्यानंतरही काच शाबूत असेल, तर भेग हलत नाही; ती तशीच सोडून द्या.