आधी भिंग, मग सही

चि. …,
अनेक आशीर्वाद.

गॅलरीतली रविवर्म्यांची ‘लिमिटेड एडिशन’ लक्ष्मी घ्यावी की जुन्या बाजारातला डागाळलेला ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखा दिसणारा जुना दगडी छाप, असं विचारतेस. किंमत, सही, प्रमाणपत्र, सगळं लिहिलंस. छाप कशी उमटलीय यावर एक ओळ नाही! आधी भिंग लाव. सही नंतर.

रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे प्रत्येक रंगाची शिळा वेगळी. कारागीर मूळ चित्र समोर ठेवून दगडावर हातानं ठिपके भरायचे, म्हणून भिंगाखाली ते लहानमोठे, विस्कटलेले दिसतात. ऑफसेटचे, म्हणजे यंत्रछपाईचे, ठिपके रांगेत बसतात. जिक्ले म्हणजे चांगल्या शाईचं इंकजेट. तिथे नुसता बारीक फवारा. रविवर्मा १९०६ साली गेले. मग आजच्या जिक्लेवर १२/५०, म्हणजे ‘पन्नासातली बारावी प्रत’, कोणी घातलं? विकणाऱ्यानं! भिंतीला शोभतंय म्हणून खुशाल घे, पण त्या भावात नको. डागांवरही भाळू नकोस, डाग पाडता येतात. भिंग लाव.

अम्लरेखनात, म्हणजे आम्लानं पत्रा कोरून छापण्यात (एचिंग), माझा जीव अडकलाय. तिथे मागे वेगळं ‘मूळ चित्र’ नसतंच. तांब्याच्या पत्र्यावरचं काम कागदावर उतरतं तेव्हाच चित्र होतं. चित्रकारानं दहा प्रती काढल्या तर दहाही अस्सल. छापचित्रकार कृष्णा रेड्डींनी पॅरिसमध्ये पातळ-घट्ट शाया आणि मऊ-कडक रोलर वापरून एकाच पत्र्यातून अनेक रंग उठवले. त्याला ‘प्रिंटच तर आहे’ म्हणणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडलो. असा कागद तिरप्या उजेडात धर, पत्र्याच्या कडेचा दाब दिसेल. दाब खोटाही मारतात. म्हणून पुन्हा भिंगच.

आमच्या घरची सरस्वती फ्रेमवाल्यानं समास कापून बसवली. खाली छापखान्याचं नाव होतं, तेच गेलं. अजून खुपतं. तू समासाला कात्री लावू देऊ नकोस.

दुकानदार मला किटकिट्या म्हणतात. म्हणोत. एका गॅलरीत काच काढून दाखवेनात, तेव्हा मनापासून आवडलेलं चित्र मी तिथेच सोडलं. घरचे अजून बोलतात. पण न बघता पैसे मोजायचे तरी कशाचे?

रविवारी जाशील तेव्हा दहापट दाखवणारं भिंग ने. लक्ष्मीच्या गालावरची सावली आधी बघ, हातानं भरलेले ठिपके तिथे चटकन ओळखू येतात. काय दिसलं ते लिही. किंमत मला कळवू नकोस.