‘टर्न ऑफ इट’ चूक आणि ‘लुक आफ्टर हर’ बरोबर, असे का?

‘टर्न ऑफ द फॅन’मधील ‘ऑफ’ हे क्रियाविशेषण आहे; ते क्रियापदाचा अर्थ पूर्ण करते आणि कर्माच्या आधी किंवा नंतर बसू शकते, म्हणून ‘टर्न द फॅन ऑफ’ हेही तितकेच शुद्ध ठरते. मात्र कर्माच्या जागी सर्वनाम आले की ही मोकळीक संपते आणि ‘टर्न इट ऑफ’ एवढी एकच रचना उरते. याचे कारण मला उच्चारात दिसते: इंग्रजी वाक्यात आघात बहुधा शेवटाकडील महत्त्वाच्या शब्दावर येतो, आणि आधीच ठाऊक असलेल्या वस्तूसाठी वापरलेले ‘इट’ तो आघात सहसा घेत नाही.

‘लुक आफ्टर हर’मधील ‘आफ्टर’ हे शब्दयोगी अव्ययासारखे काम करते, फक्त मराठीच्या उलट ते नामाच्या आधी येते आणि नाम किंवा सर्वनाम त्याच्यानंतरच राहते.

खरी अडचण अशी, की एकच शब्द दोन्ही कामे करतो. दादरला लोकलमधून उतरणे म्हणजे ‘गेट ऑफ द ट्रेन’. येथे ‘ऑफ’चा संबंध थेट गाडीशी आहे, म्हणून ‘गेट ऑफ इट’ हेच बरोबर. शंका आल्यास याद्या पाठ करण्यापेक्षा नाम मध्ये सरकवून पाहावे: ‘लुक द चाइल्ड आफ्टर’ असे म्हणताच येत नाही, तेव्हा सर्वनामही मध्ये येणार नाही. ‘पुट अप विथ इट’सारख्या तीन शब्दी रचनेतही ‘विथ’मुळे सर्वनाम शेवटीच येते.